शब्दाची जात कामावरून



इंग्रजी व्याकरणाचे नाव काढताच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. शाळेत घोकलेल्या आठ व्याख्या तेवढ्या आठवतात. भाषा मात्र हाती लागलेली नसते. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा बेळगाव येथील आपल्या मुलांची कसरत तर तिहेरी असते. घरात मराठी, बाहेर हिंदी, गुजराती, तेलुगू वा कानडी, आणि पुस्तकात इंग्रजी. अशा मुलाला व्याकरण हे ओझे वाटावे की आधार, हे पुष्कळसे आपण ते कसे शिकवितो यावर अवलंबून असते.

या आठ जाती इंग्रजांनी निर्माण केल्या असे नव्हे. इसवी सनापूर्वी सुमारे 100 च्या सुमारास डायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक वैयाकरणाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या व्याकरणात शब्दांचे आठ वर्ग सांगितले आहेत. लॅटिन भाषेत 'द' सारखे उपपद नव्हते. म्हणून रोमन पंडितांनी तो वर्ग गाळला आणि केवलप्रयोगी अव्यय घालून आठांचा आकडा कायम राखला! तीच परंपरा पुढे इंग्रजीत आली, आणि इंग्रजीच्या द्वारे आपल्या शालेय मराठी व्याकरणातही. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि चार अव्यये ही मालिका आपल्या ओळखीची झाली. आपल्याकडे यास्काचार्यांनी तर नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग मानले होते. तात्पर्य, आठ हा आकडा काही ब्रह्मलिखित नव्हे. ती एक सोय आहे.

मग महत्त्वाचे काय? महत्त्वाचे हे की, इंग्रजी शब्दाची जात जन्मावरून ठरत नाही. ती कर्मावरून ठरते. 'राउंड' हा एकच शब्द घ्या. 'अ राउंड टेबल' म्हणताना तो विशेषण असतो. डॉक्टर रुग्णालयात 'राउंड' घेतात तेव्हा तो नाम होतो. 'राउंड द कॉर्नर' यात तो कोपऱ्याशी नाते जोडणारे शब्दयोगी अव्यय बनतो. 'टर्न राउंड' यात तो क्रियाविशेषण, आणि 'शिप्स राउंड द केप', म्हणजे जहाजे भूशिराला वळसा घालतात, येथे तर चक्क क्रियापद! शब्द तोच, वेष तोच. काम मात्र पाच ठिकाणी पाच प्रकारचे.

असे का व्हावे? सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत असत. ते कालांतराने बहुतेक झडून गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या क्रमाकडे आले. मराठीत 'रामाने रावणाला मारले' म्हणा की 'रावणाला रामाने मारले' म्हणा. 'ने' आणि 'ला' हे पहारेकरी अर्थ सांभाळतात. इंग्रजीत 'राम किल्ड रावण' यातील नावांची अदलाबदल केली, तर सारे रामायणच उलटे होते. म्हणून इंग्रजीत शब्दाची जागा पाहावी, मग त्याचे काम कळते, आणि कामावरून जात.

हे तत्त्व मराठीला परके नाही. 'चांगला मुलगा' यात 'चांगला' हे विशेषण. 'तो चांगला गातो' यात क्रियाविशेषण. 'चांगल्यांची संगत धरावी' यात नाम. आपण हे नित्य करतो, फक्त त्याचे भान नसते.

याचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. नोकरीच्या अर्जात एखादा उमेदवार 'मी मेहनतीने काम करतो' हे सांगू इच्छितो. 'क्रियाविशेषणाच्या शेवटी ली येतो' एवढाच नियम त्याने पाठ केलेला असतो; म्हणून तो 'हार्ड' ऐवजी 'हार्डली' लिहितो. 'आय हार्डली वर्क' याचा अर्थ मात्र 'मी जवळजवळ कामच करीत नाही' असा होतो! वास्तविक 'हार्ड' हेच तेथे क्रियाविशेषण आहे; आणि 'फ्रेंडली' हे 'ली' असूनही विशेषण आहे. शेपटी पाहून जात ठरविली की असा घात होतो.

दुकानांवरील पाट्यांचेही तसेच. 'ओपन' हे क्रियापदही आहे आणि 'उघडे' या अर्थाचे विशेषणही. त्याच धर्तीवर काही जण बंद दुकानावर 'क्लोज' अशी पाटी लावतात. परंतु 'क्लोज' हे विशेषण झाले की त्याचा अर्थ 'जवळचा' असा होतो, आणि उच्चारही 'क्लोस' असा बदलतो. तेथे 'क्लोज्ड' हवे. उच्चाराचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो: 'प्रेझेंट' म्हणजे भेटवस्तू, तेव्हा आघात पहिल्या अवयवावर, 'प्रिझेंट' म्हणजे सादर करणे, तेव्हा दुसऱ्यावर. जात बदलली की सूरही बदलतो.

तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना एकच विनंती. व्याख्या घोकून घेण्यापूर्वी मुलापुढे एक साधे इंग्रजी वाक्य ठेवा आणि त्यातील प्रत्येक शब्दाला त्याला विचारू द्या, 'तू येथे काय करतोस?' कोणाचे नाव सांगतोस, कोणाचा गुण सांगतोस, की दोघांना जोडतोस? शब्दकोश उघडतानाही प्रथम शब्दाची जात पाहावी, मग अर्थ. रोज एक वाक्य पुरे आहे. हा प्रश्न विचारण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याला आठ व्याख्या वेगळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. त्या त्याच्या तो स्वतःच करील.