चित्र कुणी उतरवायचे?

(अमरावती येथे कलाशिक्षकांच्या मेळाव्यात एका निवृत्त कलाशिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आपण सगळे एकाच पंक्तीतले. शाळेत आपल्याला ‘ड्रॉइंगचे सर’ म्हणतात. स्नेहसंमेलन जवळ आले की आपली आठवण होते, फलक रंगवून झाला की विसर पडतो. त्याची तक्रार करायला मी आज उभा नाही. मला एका चित्राविषयी बोलायचे आहे. ते मी स्वतःच्या हाताने भिंतीवरून उतरवले होते.

गोष्ट २००६ सालची. अकोला जिल्ह्यातील एका शाळेत मी तेव्हा होतो. त्या वर्षाची तुम्हाला आठवण करून द्यायला नको. कापसाचा उत्पादनखर्च निघत नव्हता आणि सकाळचे वर्तमानपत्र उघडायला हात धजत नव्हता. जुलैच्या आरंभी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली.

डिसेंबरात आमच्या शाळेत चित्रप्रदर्शन होते. विषय ‘माझे गाव’. आपल्या ओळखीचीच चित्रे आली. दोन डोंगरांमधला सूर्य (आमच्या सपाट पूर्णाकाठी हे डोंगर मुलांना कुठे दिसतात, देव जाणे!), नदी, नारळाचे झाड. त्यांत नववीतल्या एका मुलाचे चित्र वेगळे होते. शेताच्या धुऱ्यावर कडुलिंब, खाली रिकामा गोठा, आणि झाडाच्या आडव्या फांदीवरून लोंबणारा एक दोर. माणूस नाही, जनावर नाही. जलरंगातले ते करडे आभाळ मला आजही दिसते.

मी ते मधोमध लावले. उद्घाटनाच्या आदल्या सायंकाळी मुख्याध्यापक फेरी मारायला आले, त्या चित्रापाशी थबकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “सर, हे काढा. उद्या पाहुणे यायचे आहेत.” ते गृहस्थ वाईट नव्हते. शाळेच्या अनुदानापायी जिल्ह्याच्या कार्यालयात त्यांनी आपल्या चपला झिजवल्या होत्या. त्यांनी आणखी एक कारण सांगितले : “आपल्या शाळेत अशा दोन घरांतली लेकरे आहेत. त्यांनी रोज हा दोर बघायचा का?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी चारही पिना काढल्या, चित्र कपाटात ठेवले आणि त्या जागी एक मोर लावला.

सकाळी मुलगा आला. त्याने मोर पाहिला. तो काही बोलला नाही. विचारले असते तर निदान उत्तर देण्याची लाज तरी मला सोसावी लागली असती.

मधल्या सुट्टीत मीच त्याला बोलावले. “दोर कशाचा रे तो?” म्हणून विचारले. तो म्हणाला, “सर, दावं हाय थे. पोयाच्या आंधी बाबानं जोडी इकली. दावं तेवढं टांगून ठेवलं.”

मित्रहो, आम्ही दोघे शिकलेली माणसे, एकूण पन्नास-पंचावन्न वर्षांची नोकरी गाठीशी असलेली, आणि आम्हाला त्या दोरात फास दिसला. तो आमच्या डोळ्यांत होता. मुलाने रंगवले होते ते विकलेल्या बैलांचे दावे. पोळ्याच्या दिवशी ज्या घरी पूजायला जोडी उरली नव्हती, त्या घराचे चित्र होते ते. आणि ते खरोखरच फास असते तरी? तरी ते त्याच्या गावात घडणारेच असते. पण निदान विचारायचे तर होते.

मुलाच्या चित्रावर शिक्षकाचा विश्वास म्हणजे काय, याचा पाठ नंदलाल बोस यांनी घालून दिला आहे. संविधानाच्या मूळ प्रतीची सजावट त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांनी शांतिनिकेतनातील विद्यार्थ्यांना सोबत घेतले. राम-सीता-लक्ष्मण आहेत, अर्जुनाला उपदेश करणारे श्रीकृष्ण आहेत, ती हीच प्रत. उद्देशिकेच्या पानाची वेलबुट्टी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांची, आणि तिच्यात ‘राम’ ही त्यांची छोटी सही आहे. राष्ट्राच्या पहिल्या पानावर शिष्याची सही राहू देणारा तो गुरू! जबलपूर त्या काळी आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते, हे जाता जाता सांगतो. सिंहमुद्रा रेखाटणारे दीनानाथ भार्गव तर आपल्या वरूडच्या पलीकडील मुलताईचे. सिंह काढायचा म्हणून ते कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंह न्याहाळत बसत. आधी बघ, मग काढ, ही ती शिकवण. आपणही वर्गात हेच सांगतो. मग मुलाने बघून काढले की आपण का दचकतो?

आता थोडे अवघड बोलतो. आपल्यापैकी काहींना ते रुचणार नाही.

९ मे २००७ रोजी बडोद्याला, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विभागात, चंद्रमोहन या विद्यार्थ्याच्या चित्रांवरून गदारोळ झाला. सयाजीरावांचे बडोदे आपल्याला परके नाही, ना. श्री. बेंद्रे यांच्यासारख्या चित्रकाराने तेथे पिढी घडवली. त्या चित्रांतील देवतांचे आणि ख्रिस्ताचे चित्रण मला रुचणारे नव्हते. ज्यांना ते झोंबले, त्यांची वेदना खोटी होती असे मी म्हणणार नाही. परंतु ती चित्रे कुठल्या चौकात लावलेली नव्हती. ती परीक्षेसाठी मांडलेली होती. परीक्षक अजून गुण द्यायचे होते. आपल्याच विचारांच्या म्हणवणाऱ्या मंडळींनी तेथे शिरून आरडाओरडा केला, पोलिसांनी विद्यार्थ्याला अटक केली. प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. विद्यार्थ्यांनी भारतीय परंपरेतील शृंगारचित्रांचे प्रदर्शन मांडले, ते बंद करण्यास त्यांनी नकार दिला आणि ते निलंबित झाले.

चित्र वाईट असेल तर नापास करण्याचा अधिकार गुरूला आहे. तो त्याच्या हातून काढून घेतला की परीक्षा उरत नाही. त्या विद्यार्थ्याचा निकाल वर्षानुवर्षे लागलाच नाही. २०१८च्या फेब्रुवारीत त्याने कुलगुरूंच्या कार्यालयाला आग लावली. त्या कृत्याचे समर्थन कोणी करू नये, मीही करीत नाही. पण अकरा वर्षे मूळ प्रश्नाला उत्तर न देणारी संस्थाही मला निर्दोष वाटत नाही.

आपण तरी हे विसरू नये. नागपूरच्या नील सिटी शाळेने ‘वंदे मातरम्’च्या घोषापायी ज्या केशव हेडगेवारांना काढून टाकले, ते पुढे यवतमाळच्या विद्यागृहात शिकायला आले. शिस्तीच्या नावाने मुलाचे तोंड कसे बंद होते, हे आपण तेव्हा दुसऱ्या बाजूने अनुभवले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतील तेराव्या कलमात, मुलाला स्वतःचे म्हणणे कलेच्या रूपातूनही मांडण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. भारताने ती १९९२ साली स्वीकारली. आपल्या किती शाळांच्या शिक्षकदालनात हे कलम कोणी वाचले असेल? मीही ते उशिराच वाचले. आणि फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या बाईंचे नावही. नाझींच्या तेरेझिन छळछावणीत त्या मुलांना चित्रकला शिकवीत, प्रत्येक चित्रावर मुलाला आपले नाव लिहायला लावीत. १९४४च्या ऑक्टोबरात आउशवित्झला त्यांची हत्या झाली. मागे दोन पेट्यांत सुमारे साडेचार हजार चित्रे राहिली. त्या बाईंनी चित्रे लपवली होती ती वाचवण्यासाठी. मी ठेवले ते पाहुण्यांसाठी. कपाटाकपाटात फरक असतो.

त्या दुपारी मी मुख्याध्यापकांकडे गेलो. दाव्याची गोष्ट सांगितली. म्हणालो, “कारण त्या दोन लेकरांचे असेल तर मी त्यांच्याशी आणि त्यांच्या आयांशी बोलतो. त्यांनी नको म्हटले तर चित्र लावणार नाही. कारण पाहुण्यांचे असेल तर तसे मला लिहून द्या.” ते बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, “पाहुणे गेल्यावर लावा.” मी त्या दोन घरी जाऊन आलो. एका माउलीने चित्र बघायला मागितले; दुसरीने, “लावा की, त्यात काय,” एवढेच म्हटले. प्रदर्शनाचे शेवटचे दोन दिवस ते चित्र मधोमध होते. खाली मुलाने स्वतःच्या अक्षरात नाव लिहिले : ‘दावे’.

मी तडजोड केली, हे मला ठाऊक आहे. पाहुण्यांसमोरच ते असायला हवे होते.

वर्षअखेरीस चित्र परत देऊ लागलो, तर तो म्हणाला, “राहू द्या सर, तुमच्याजोळ.” ते माझ्या घरी आहे. आज सोबत आणले आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहायचे असेल त्यांनी जरूर पाहावे. कोपऱ्यांवर पिनांची आठ भोके आहेत.