इंग्रजीचे अध्ययन आणि आपली ज्ञाती
(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



कार्यकारी मंडळाने यंदाच्या संमेलनात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही शिरोधार्य मानली. आम्ही विद्वान नव्हे. १९७५ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि निवृत्त होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलांना शिकवीत राहिलो. पाचवी ते सातवीच्या वर्गांना इंग्रजी शिकविण्याचे काम बहुतेक आमच्याकडेच असे. ज्याने जन्मभर इंग्रजी शिकविले त्याने इंग्रजीची महती गावी यात नवल ते कोणते, असे कोणास वाटेल. परंतु आज प्रथम आम्हांस एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. ती आजवर घरच्या माणसांखेरीज कोणापाशी दिलेली नाही.

गोष्ट २००६ सालच्या मे महिन्यातील आहे. आमचा एक जुना विद्यार्थी एके दिवशी सायंकाळी घरी आला. बोटीवर नोकरी मिळाल्याचा आनंद त्याच्या मुखावर ओसंडत होता. त्याने पिशवीतून चार पृष्ठांचा एक इंग्रजी करारनामा काढून आमच्या पुढ्यात ठेवला व म्हणाला, "गुरुजी, जरा नजर टाका. तुम्ही ठीक म्हणालात की उद्याच सही करतो." आम्ही चष्मा लावला. जहाजाचे नाव वाचले, पगाराचा आकडा वाचला, नऊ महिन्यांची मुदत वाचली. पुढे बारीक अक्षरांत लांबलचक वाक्ये होती. त्यांतील एका कलमाचा आरंभ 'नॉटविथस्टँडिंग' या शब्दाने झाला होता. तो शब्द आम्हांस ठाऊक नव्हता. घरात शब्दकोश होता. उठून तो काढावयास दोन मिनिटे पुरली असती. परंतु विद्यार्थ्यासमोर गुरुजींनी कोश उघडावा याची आम्हांस लाज वाटली. आम्ही कागद परत दिला आणि म्हणालो, "ठीक आहे. देवाचे नाव घे आणि सही कर."

त्या शब्दाचा अर्थ 'वर काहीही म्हटलेले असले तरी' असा आहे. वर पगाराचा आकडा होता. वर काहीही म्हटलेले असले तरी प्रवासखर्च, गणवेश, प्रशिक्षण आणि दलालाची सेवा यांची रक्कम पगारातून कापली जाईल, असे त्या कलमात पुढे लिहिले होते. मुलगा नऊ महिने राबून परत आला तेव्हा ठरलेल्या पगाराचा अर्धा भागही त्याच्या हाती नव्हता. बहिणीचे लग्न त्याच पैशावर ठरले होते, ते एक वर्ष पुढे गेले. आम्हांस भेटावयास आला तेव्हा त्याने एका शब्दाने दोष दिला नाही. "कागदच तसला होता गुरुजी, तुम्ही तरी काय करणार?" एवढेच म्हणाला. त्याने आम्हांस चार गोष्टी सुनावल्या असत्या तर बरे झाले असते, असे आजही वाटते.

त्या रात्री आम्ही मनाशी हिशेब मांडला. मुलांना आम्ही इंग्रजी शिकविले होते म्हणजे नेमके काय शिकविले होते? तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेच्या वळणावर आम्ही स्वतः शिकलो आणि त्याच वळणावर शिकवीत गेलो. क्रियापदाची तीन रूपे मुले घडघड म्हणत. गाईवरचा निबंध पाठ करीत. परीक्षेत गुणही मिळवीत. परंतु पोटापाण्याचा प्रश्न ज्यावर अवलंबून आहे असा एक कागद समोर आला, तेव्हा शिष्यही थांबला आणि गुरूही थांबला. त्यानंतर वयाची पन्नाशी जवळ आलेली असताना आम्ही पुन्हा शब्दकोश घेऊन बसलो. जे थोडेबहुत नव्याने शिकलो त्याच्या आधारावर आजचे हे बोलणे आहे.

इंग्रजी जगाची भाषा कशी झाली, याविषयी आपल्या मनात गोंधळ नसावा. ती अन्य भाषांहून अधिक सुंदर किंवा अधिक शास्त्रशुद्ध आहे म्हणून झाली, असे नव्हे. प्रथम ब्रिटिशांच्या व्यापाराने व साम्राज्याने ती दूरदूर नेली आणि १९४५ नंतर अमेरिकेच्या उद्योगाने व विज्ञानाने तिचा प्रसार वाढविला. आज ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्याहून ती शिकून वापरणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. कोरियन कप्तान, फिलिपिनो खलाशी आणि आपला कोकणी मुलगा हे तिघे एका जहाजावर एकत्र येतात, तेव्हा तिघांपैकी एकाच्याही आईने त्याला इंग्रजीत अंगाई म्हटलेली नसते. तरी काम इंग्रजीतच चालते. बाजारात जशी ज्याची त्याची जात न विचारता एकच नाणे चालते, तसेच हे आहे. नाण्याची पूजा करू नये, पण खिसा रिकामा ठेवून बाजारात जाणेही शहाणपणाचे नाही.

आपल्या ज्ञातीचे पोट पिढ्यान् पिढ्या समुद्रावर अवलंबून आहे, म्हणून उदाहरण समुद्राचेच घेऊ. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांवरील संभाषणाकरिता ठरावीक इंग्रजी वाक्यांचा एक संच मान्य केला. आपल्याच ज्ञातीतील एक तरुण आज व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. त्याने आम्हांस हा संच दाखविला तेव्हा आम्ही चकित झालो. 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून घोकून घेतले. आणि त्या संचात नेमके हेच शब्द टाळावेत असे सांगितलेले! कारण 'मे' म्हटले की परवानगी आहे की नुसती शक्यता आहे, हे ऐकणाऱ्यास निश्चित कळत नाही. प्रवेशमार्गात शिरावयाचे असेल तर आधी 'प्रश्न' असा शब्द उच्चारून 'मला परवानगी आहे काय' असे सरळ विचारावे, अशी रीत तेथे आहे. आकडेही एकेक अंक सुटा करून सांगावयाचे. त्या तरुणाचे उच्चार काही साहेबी नाहीत, अगदी आपल्या वळणाचे आहेत; पण त्याचा शब्द स्पष्ट आहे आणि समोरच्यास तो एकाच अर्थाने कळतो. जगाची भाषा म्हणून इंग्रजी शिकणे म्हणजे काय, हे आम्हांस त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्याच्या वयाच्या मुलाने शिकविले.

भाषा कच्ची राहिल्यास काय घडते, याचा दाखला आपल्याच देशातील आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरी येथे सौदी अरेबियाचे व कझाकस्तानचे अशी दोन विमाने आकाशात एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतील मिळून ३४९ माणसे प्राणास मुकली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते; आणि त्यावरील कर्मचाऱ्यांचे इंग्रजी अपुरे होते, ही गोष्टही चौकशीत पुढे आली. पुढे मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिकांना व विमानांना मार्गदर्शन करणाऱ्या नियंत्रकांना इंग्रजी संभाषणाची ठरावीक पातळी गाठणे आवश्यक झाले.

आता करारनाम्याकडे परत येऊ. सागरी कामगारांच्या हक्कांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली अमलात आला आणि भारताने तो २०१५ साली स्वीकारला. त्याप्रमाणे सही करण्यापूर्वी नोकरीचा करार तपासून पाहण्याची व त्यावर सल्ला घेण्याची संधी खलाशास मिळालीच पाहिजे. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून दलाली घेण्यासही त्याने मनाई केली आहे. कायद्याने हक्क दिला, ही मोठी गोष्ट झाली. परंतु ज्यास वाचताच येत नाही त्यास वाचण्याची संधी देऊन काय उपयोग? आंधळ्यापुढे दिवा लावल्यासारखेच ते. इंग्रजीची खरी किंमत आम्ही येथे पाहतो. साहेबासारखे बोलण्याने ती ठरत नाही. आपल्या घामाचा मोबदला कोणी एका शब्दाच्या आडून नेऊ नये, यात ती आहे.

काही वडीलधारी मंडळी विचारतील, "गुरुजी, मग मराठीचे काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या कोकणानेच देऊन ठेविले आहे. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, तेव्हा त्यात एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर छापला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. पण आपल्या माणसांना जागे करावयाचे होते तेव्हा १९२० साली त्यांनी 'मूकनायक' काढला तो मराठीत. जगाशी बोलावयाचे ते जगाच्या भाषेत आणि आपल्या माणसांशी बोलावयाचे ते त्यांच्या भाषेत, हा विवेक या थोर पुरुषांनी पाळला. इंग्रजीनेही इतर भाषांचे घेण्यात कधी कमीपणा मानलेला नाही. मुंगसाला इंग्रज 'मोंगूस' म्हणतो तो शब्द आपल्या मराठीतूनच त्याच्याकडे गेला आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु भाषेचा मान राखणे आणि दुसरी भाषा न शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमचा अनुभव असा की, ज्या मुलास मराठीतील उतारा वाचून त्याचे सार चार वाक्यांत सांगता येते, ते मूल इंग्रजीही लवकर उचलते. ज्यास मराठीच धड येत नाही ते केवळ शाळेची पाटी इंग्रजी आहे म्हणून इंग्रजीत पारंगत होत नाही. पोटाला चिमटा काढून, प्रसंगी दागिना गहाण ठेवून काही पालक भारी शुल्काच्या शाळेत मूल घालतात. तेथे ते मूल अर्थ न कळता पाठ करते, आणि घरी आल्यावर आईबापांनाही त्याचा अभ्यास घेता येत नाही. अशा घरांनी आपल्या गावच्या शाळेचा पुन्हा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे. राज्यातील मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. तो निर्णय आला तेव्हा आमच्यासारखे शिक्षकच घाबरले होते; पण लहान मुलांनी ती भाषा खेळता खेळता उचलली, हे आम्ही स्वतः वर्गात पाहिले आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलतो; कोणी रोष मानू नये. एकाच घरातील मुलगा बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो आणि त्याची सख्खी बहीण पायी गावच्या शाळेत जाते, असे चित्र आम्ही वाडीवाडीतून पाहतो. कारण विचारले तर उत्तर येते, "तिला काय बोटीवर जायचे आहे?" बंधूंनो, पुरुष बोटीवर गेला की मागे बँकेचा कागद, विम्याचा कागद, औषधाच्या वेष्टनावरील सूचना, हे सर्व कोणाच्या हाती येते? घरच्या स्त्रीच्याच. करार नीट वाचणारी एक बहीण आमच्या त्या विद्यार्थ्याच्या घरी असती, तर तिचेच लग्न वर्षभर लांबले नसते.

आता आमची सूचना. आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी गुणवंतांना शाल, श्रीफळ व रोख पारितोषिक दिले जाते. ती प्रथा चालू राहावी. परंतु यंदापासून सातवी उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलास व मुलीस एक इंग्रजी-मराठी शब्दकोश ज्ञातीच्या वतीने द्यावा. दुसरे असे की, आपल्या सभागृहात दर रविवारी सकाळी दोन तास 'कागदवाचन वर्ग' भरवावा. त्यात पाठ्यपुस्तक नको. नोकरीचा करार, बँकेचा अर्ज, विमानाचे तिकीट, औषधाची चिठ्ठी, असे ज्याचे त्याने खरे कागद आणावेत, सर्वांनी मिळून वाचावेत, आणि कोणताही शब्द अडला की कोश उघडावा. शिकविण्याचा भार आम्ही विनावेतन घेऊ. पहिल्या रविवारी फळ्यावर पहिला शब्द कोणता लिहावयाचा, हे आम्ही ठरवून ठेविले आहे.

आमचा तो विद्यार्थी आज या सभागृहात बसला आहे. पुढे रीतसर परवाना असलेल्या कंपनीकडून तो पुन्हा बोटीवर गेला आणि सारंग होऊन परतला. तो उदार मनाचा आहे. त्याने आम्हांस केव्हाच क्षमा केली. तथापि आपल्या ज्ञातीतील आणखी एका मुलास अशी क्षमा करण्याची वेळ येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

विद्यार्थीमित्रहो, न कळलेला शब्द विचारण्यात लाज नाही. आम्ही ती एकदा बाळगली आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली. आपण तसे करू नये.  काही अधिकउणे बोललो असल्यास पदरात घ्यावे. आपल्या मुलामुलींस ईश्वर विद्या, बळ आणि सद्बुद्धी देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.