चित्राची खरेदी आणि चित्राचा प्रवास



परमुलखात एखादे चित्र पसंत करून त्याची किंमत चुकती केली म्हणजे ते आपले झाले, असा जो समज सामान्यतः आढळतो तो किती अपुरा आहे, हे बडोद्याच्या चित्रशाळेच्या इतिहासावरून उत्तम रीतीने कळते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या आणि १८७५ साली बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीराव महाराजांनी, १८९४ साली खुल्या झालेल्या वस्तुसंग्रहालयालगत चित्रशाळेची इमारत उभारण्यास १९०८ साली प्रारंभ केला. आणि युरोपीय चित्रांची निवड कोणा व्यापाऱ्याच्या हवाली न करता लंडनचे नामांकित कलासमीक्षक मॅरियन स्पीलमन यांच्यावर सोपविली. विकणाऱ्याचा हितसंबंध आणि पारख करणाऱ्याची दृष्टी एकाच ठायी असू नये, हे जे तारतम्य महाराजांनी दाखविले, तेच मला या साऱ्या व्यवहारात सर्वांत मोलाचे वाटते.

इमारत १९१४ साली पुरी झाली आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. समुद्र किती घातकी झाला होता याची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो, की मुंबईकडे निघालेली ‘पर्शिया’ ही बोट ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीने बुडविली आणि तीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. अशा काळात युरोपातून यावयाच्या कलाकृतींची रवानगी लांबली, आणि चित्रशाळेचे दरवाजे प्रजेसाठी उघडावयास १९२१ साल उजाडले. ही दिरंगाई सोसणे हेच शहाणपण होते, असे माझे निश्चित मत आहे. कारण बुडालेल्या चित्राच्या विम्याची रक्कम हाती आली, तरी ते चित्र पुन्हा कोणीही रंगवून देऊ शकत नाही.

शांततेच्या काळीही तैलचित्राचा सागरप्रवास नाजूकच. पेटीचे झाकण खिळ्यांनी ठोकू नये, स्क्रूंनी आवळावे, कारण हातोडीच्या हादऱ्यांनी वाळलेल्या रंगाचा थर तडकतो. चित्रावर काच असेल तर तिच्यावर कागदाच्या पट्ट्या आडव्याउभ्या चिकटवाव्यात, म्हणजे वाटेत ती फुटली तरी तुकडे जागीच राहून कॅनव्हास चिरला जात नाही. आणि चित्र गुंडाळणे अपरिहार्यच झाले, तर जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळावे, आत ठेवल्यास थर दाबला जाऊन त्याला सुरकुत्या पडतात.

उच्च शिक्षणासाठी विलायतेस जाणाऱ्या तरुणांना माझी आग्रहाची विनंती आहे, की चित्राचे पैसे मोजण्यापूर्वी, पेटी कोण बांधणार आणि विमा दुकानापासून घरापर्यंत लागू आहे की केवळ बंदरापासून बंदरापर्यंत, हे लेखी ठरवून घ्यावे. जकातीच्या कचेरीत दाखविण्यासाठी खरेदीची पावती जपून ठेवावी. आणि चित्र सुखरूप घरी पोहोचले, की वर्षातून एक दिवस तरी दिवाणखान्याचे दार गावातील मुलांसाठी उघडे ठेवावे.