भोकराचें गणगोत



धाराशिव जिल्ह्यांतील बांधांवरचें भोकर आपणांस ठाऊक आहे, निदान लोणच्याच्या बरणींतून तरी. कच्च्या फळांतील बी काढतांना बोटांस लागलेला चिकट गर सहजासहजीं सुटत नाहीं. या झाडावरूनच बोरॅजिनेसी या विस्तृत कुलास मराठींत भोकर कुल म्हणतात.

परंतु भोकर पडला वृक्ष, आणि माळावरचा छोटा कल्पा गुडघाभर उंचीचा! त्याचें फिकट निळें फूल मान खालीं घालून उमलतें, म्हणून संस्कृतांत तो अधःपुष्पी झाला. यांचें नातें जुळावें कसें? दोघांच्याही फुलांत पांच जुळलेल्या पाकळ्या व पांच पुंकेसर असतात. भुरुंडीचा तुरा विंचवाच्या नांगीसारखा वळलेला असतो, तीही याच गोतांतली. मात्र फुलाच्या पोटांत पाहूं गेल्यास भेद दिसतो. कल्प्याच्या किंजपुटाचे चार भाग होतात, आणि परागनळीस वाट देणारा दांडा त्यांच्या मधून, तळापासून वर येतो. भुरुंडींत तो माथ्यावर असतो. भोकरांत तो दोनदां दुभंगून त्याचीं चार टोकें होतात, आणि फळ गरयुक्त असतें.

थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर इ. स. १९०१ ते १९०८ या काळांत जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हीं सारीं एकाच कुलांत नांदतात. उस्मानाबाद तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यामुळें त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिलें. ती उणीव व्ही. एन. नाईक यांच्या उस्मानाबादच्या वनस्पतींवरील ग्रंथानें १९७९ सालीं भरून काढली.

पुढें जनुकांचा पुरावा आला आणि घरांत वांटणीचा वाद निघाला. २०१६ सालीं सपुष्प वनस्पतींच्या सर्वमान्य वर्गीकरणानें कुल एकच ठेवून त्यास स्वतंत्र गण दिला. त्याच वर्षीं या कुलाच्या विशेष अभ्यासकांनीं त्याचीं अकरा कुलें करावीं असें सुचविलें. त्याप्रमाणें भोकर, दातरंगी व भुरुंडी वेगवेगळ्या चुली मांडतात, आणि मूळ घरीं कल्पा राहतो. आळंदीचा अजानवृक्ष दातरंगीच्याच जातीचा मानतात. तळें आटल्यावर चिखलास चिकटून पसरणाऱ्या कोल्डेनिया प्रोकंबेन्स या एकुलत्या एका जातीस तर स्वतःचें कुल मिळालें. मला ही वांटणी पटते. फुलांतील भेद नुसते डोळ्यांना दिसण्याजोगे आहेत.

घरगुती व्यवहारांत याचें काय, असें कोणी विचारील. भोकराचें लोणचें आपण खातों म्हणून भुरुंडीचा काढा पोटांत घ्यावा, असें मात्र नव्हे. भुरुंडीच्या प्रजातींत यकृतास घातक अशीं अल्कलॉइडें असतात. १९७०च्या दशकाच्या मध्यास अफगाणिस्तानांत तिच्याच एका भावंडाचें बी गव्हांत मिसळलें, आणि त्या पिठाच्या भाकऱ्या खाऊन पुष्कळ माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं.