खिडकीबाहेरचे मनोरे

नंदुरबारहून सुटलेली गाडी उधन्याला पोचली की खानदेशातली कितीतरी माणसं उतरून सुरतच्या लिंबायत भागाच्या वाटेला लागतात. १९०० च्या सुमारास झालेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेचाच हा मार्ग. पुढच्या वेळी खिडकीशी बसलात, तर विजेच्या मनोऱ्यांकडे जरूर पाहा.

बहुतेक मनोऱ्यांवर दोन्ही बाजूंना तीन-तीन तारा, म्हणजे दोन स्वतंत्र वाहिन्या. अगदी वरची बारीक तार पडणारी वीज झेलून जमिनीत सोडते. तारांना पेलणाऱ्या चिनीमातीच्या किंवा काचेच्या चकत्या मोजा: चौदाच्या आसपास असल्या तर दाब साधारण २,२०,००० व्होल्ट, तेवीस-चोवीस असल्या तर ४,००,०००. सरावानं हे चालत्या गाडीतूनही ओळखता येतं, आणि फार आनंद देतं!

याच मार्गाजवळ उकाई धरण आहे. तिथल्या ७५ मेगावॉटच्या चार जलविद्युत संचांची क्षमता ३०० मेगावॉट. काकरापारला अणुवीज केंद्र. अशा केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते आणि त्या जाळ्यावरच लिंबायतचे यंत्रमाग चालतात. धोट्याचे जुने माग आता भंगारात निघत आहेत. त्यातला एक तरी चालू स्थितीत, लिंबायतमध्येच, मुलांना पाहायला मिळावा, असं मला मनापासून वाटतं.