झेवियर्स, सोफिया की सेंट अँड्र्यूज?
बारावीचा निकाल लागला की वसईच्या कॅथलिक घरांत चर्चा रंगते: झेवियर्स, सोफिया की वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज? झेवियर्स जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ साली काढलं. २०१० पासून ते स्वायत्त आहे. म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा कॉलेजच्या, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची. तिथे वर्षभर नेटाने अभ्यास लागतो. मुलाला तो झेपेल का, हे त्यालाच विचारा. सोफिया १९४० चं, सिस्टरांनी मुलींसाठी काढलेलं. सेंट अँड्र्यूज १९८३ चं, पण वसईहून लोकलने येणाऱ्याला वांद्रे त्या दोन्ही कॉलेजांपेक्षा बरंच अलीकडे पडतं. रोजचा हा वाचलेला वेळ मला तरी कॉलेजच्या नावापेक्षा मोलाचा वाटतो. ख्रिस्ती कोट्यातून अर्ज करणार असाल, तर बाप्तिस्म्याचा दाखला चर्चमधून आधीच काढून ठेवा.