स्वमग्न मूल व रक्तांतील दोष

मूल हांकेला ओ देत नाहीं, नजरेस नजर देत नाहीं, एकच चाळा तासन् तास करीत बसतें, असें दिसलें म्हणजे त्यास स्वमग्न म्हणतात. हें नांव वर्तनाचें आहे, कारणाचें नव्हे. बहुतेक स्वमग्न मुलांत चयापचयाचा आनुवंशिक विकार सांपडत नाहीं. परंतु ज्या थोड्या मुलांत तो असतो, त्यांच्या बाबतींत तो वेळेवर ओळखला जाणें व न जाणें यांत सबंध आयुष्याचें अंतर पडतें.

१९३४ सालीं नॉर्वेंतील ऑस्लो शहरीं बोर्ग्नी एगेलँड या बाईंनीं आपलीं दोन मुलें डॉक्टर फ्योलिंग यांस दाखविलीं. दोघांचीही बुद्धि खुंटलेली, आणि दोघांच्याही अंगास एक विचित्र दर्प. त्याचें कारण सांगणारा वैद्य त्यांस तोंवर भेटला नव्हता. फ्योलिंग हे रसायनशास्त्रांतही पारंगत होते. त्यांनीं मुलांच्या मूत्रांत फेरिक क्लोराइड टाकून पाहिलें, तों त्याचा रंग हिरवा झाला. पुढें त्यांतून फेनिलपायरुविक आम्ल हातीं लागलें.

दूध, अंडीं, मांस, डाळी यांच्या प्रथिनांत फेनिलॅलनीन नांवाचें द्रव्य असतें. निरोगी यकृत एका एन्झाइमच्या साह्यानें त्याचें टायरोसीन बनवितें. तें एन्झाइम निकामी असल्यास हें द्रव्य रक्तांत सांचून वाढत्या मेंदूस घातक होतें. बुद्धि मंदावते, झटके येतात, आणि कित्येक मुलांत स्वमग्नतेचीं लक्षणें उमटतात. या रोगास फेनिलकीटोन्यूरिया म्हणतात. यांत आईबाप बहुधा निरोगीच असतात. दोघांकडूनही सदोष जनुक आलें तरच मूल आजारी होतें. अशा जोडप्यास प्रत्येक खेपेस हा धोका चारांत एक असतो. जवळच्या नात्यांतील विवाहांत असा योग जुळण्याचा संभव वाढतो.

१९५१ सालीं बर्मिंगहॅम येथें हॉर्स्ट बिकल व त्यांचे सहकारी यांनीं सुमारें दोन वर्षांच्या एका मुलीस फेनिलॅलनीन अत्यल्प असलेला आहार सुरू केला. भोंवतालचें भान नसलेली, डोकें आपटणारी ती मुलगी हळूहळू रांगूं लागली. तें द्रव्य पुन्हा अन्नांत मिसळतांच तिची प्रगति ओसरली. मात्र मेंदूची जी हानि आधींच झाली, ती पुरती भरून येत नाहीं. म्हणून १९६० नंतरच्या दशकांत रॉबर्ट गथ्री यांनीं रूढ केलेली, नवजात अर्भकाच्या टांचेंतील रक्ताच्या थेंबावर होणारी परीक्षा मोलाची ठरली. जन्मानंतर लगेच पथ्य सुरू झालेलीं मुलें इतरांसारखीं शिकूं शकतात.

यावरून प्रत्येक स्वमग्न मुलाचें दूध व डाळ बंद करावी, असें मात्र कोणीं समजूं नये. प्रथिनांवांचून वाढत्या मुलाची उपासमार होते. झटके, विचित्र दर्प, आलेले बोल हरपणें, भावंडांत तोच आजार, यांपैकीं कांहीं आढळल्यास डॉक्टरांकडून रक्तमूत्राची तपासणी करून घ्यावी. निदान आधीं व पथ्य मागून, हाच क्रम मुलाच्या हिताचा आहे.